जंजिरा कुणाचा, सिंधुदुर्ग कुणाचा?

शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये काकडी गावात सुरू झाला. आमचा फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांचा गट तिथूनच उडतो. सह्याद्री ओलांडून मुरूड, मग किनाऱ्याने दक्षिणेला दाभोळ, रत्नागिरी, मालवण.

विमानं पडद्यावरची, हेडफोनवरचा वाद मात्र खरा. जंजिरा दिसला की कुणीतरी मला म्हणतोच, "हा तुमचा." मालवणला सिंधुदुर्ग आला की, "हा आमचा." जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेले हबशी, त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. शिवाजी महाराजांना तो किल्ला घेता आला नाही, हे खरं. पण खांदेरी-उंदेरीला त्याच सिद्दीशी लढणारा महाराजांच्या आरमारातला सरदार दौलतखान होता. मग दोन्ही किल्ले माझे का नकोत? आणि त्या मित्राचेही?

दाभोळ वासिष्ठीच्या मुखाशी. बहमनी, आदिलशाही काळातलं मोठं बंदर. आदिलशाहीतली अंडा मशीद आजही तिथे उभी आहे. सिम्युलेटरमधली बहुतेक घरं अल्गोरिदम बांधतो. नकाशात नोंद नसेल तर मशीद आणि गोदाम त्याला सारखंच. यात कारस्थान नाही, डेटा नाही इतकंच.

म्हणून दोस्तांनो, इतिहास पुसला म्हणून पोस्टी टाकण्याआधी ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा. मोफत आहे. एक्स-प्लेनसारखे सिम्युलेटर तिथला डेटा वापरतात. आपल्या गावची मशीद, दर्गा, कबरस्तान नोंदवा, शेजारचं देऊळही. घुमटाचं मॉडेल मात्र ब्लेंडरमध्ये वेगळं करावं लागेल. ते मी करतो, मोजमापं घ्यायला दाभोळचं कुणीतरी हवं आहे.