शिक्षकांचा ग्रुप नेमका कुणासाठी?

सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकांनी आंदोलनाचा एक नवा मार्ग काढला. ते प्रशासनाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडले. २५ सप्टेंबरला सामूहिक रजा टाकून त्यांनी मोर्चे काढले. विरोध होता १५ मार्चच्या संचमान्यतेच्या निर्णयाला आणि वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाला. हे निर्णय सर्वात आधी कुणाच्या मुळावर येणार होते? कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्यांच्या. तिथल्या शाळांचा पटच तेवढा असतो. म्हणून त्या आंदोलनाला आमचा पाठिंबा होता आणि आहे.

पण एक प्रश्न तेव्हाही पडला, आजही पडतो. शिक्षकांनी ग्रुप सोडल्यावर अडचण झाली ती कार्यालयाची. वाडीवरच्या पालकाला त्याचा पत्ताच नव्हता. कारण त्या ग्रुपमध्ये तो कधी नव्हताच.

शिक्षकाच्या मोबाईलवर दिवसभर काय चालते ते पाहा. वरून आदेश येतो, खालून फोटो जातो. वृक्षारोपणाचा फोटो, पोषण आहाराचा फोटो, जयंतीचा फोटो. 'आजच माहिती सादर करा' हा मेसेज वर्ग चालू असताना येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर मुलांसोबत सेल्फी काढून सरल प्रणालीवर चढवण्याचा निर्णय शिक्षण विभागाने घेतला होता. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामाला जुंपू नये. मग दिवसभर फोटो चढवणे हे कोणते शैक्षणिक काम? इथे आम्ही शिक्षकांच्या बाजूने आहोत.

आता दुसरी बाजू. शाळा सुटल्यावर हाच मोबाईल काय बोलतो? ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीवर विनोद. आरक्षणावर 'मेरिट'चे ज्ञान. १४ एप्रिलला बाबासाहेबांना 'घटनाकार' म्हणून हार आणि दुसऱ्या दिवशी 'सवलतीवाल्यां'ची टिंगल. सगळे शिक्षक असे नाहीत, हे आम्ही जाणतो. पण आमच्या तरुणांनी दाखवलेले स्क्रीनशॉटही थोडेथोडके नाहीत. ज्याच्या स्टेटसवर आपल्या समाजाची चेष्टा आहे, तो वर्गात आपल्या मुलीच्या वहीकडे कोणत्या नजरेने बघत असेल? जात शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाही. ती आता गुरुजींच्या खिशातून आत येते.

२८ जुलै २०२५ ला राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत शासन निर्णय काढला. शासनाच्या धोरणांवर टीका करायची नाही, असे त्यात आहे. तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. म्हणजे 'वाडीवरची शाळा का बंद करता?' असे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने फेसबुकवर विचारले तर तो अडचणीत. पण त्याच निर्णयात द्वेष पसरवणारा, भेदभाव करणारा मजकूर टाकायलाही मनाई आहे. अंमल फक्त पहिल्याचा होणार की दुसऱ्याचाही? प्रश्न विचारणाऱ्याला नोटीस आणि जातीचा विनोद करणाऱ्याला मोकळीक, असे होणार असेल तर तो निर्णय नसून मुस्कटदाबी आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, शाळेतून मोबाईलच हद्दपार करा. हे आम्हाला पटत नाही. दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत आपल्या प्रश्नांना जागा नव्हती म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढले. साधन सोडून देणे ही आपली परंपरा नाही, ते आपल्या कामाला लावणे ही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. जिल्हा परिषदेचा शिक्षक काय करू शकतो, हे त्यांनी दाखवले.

मात्र कोड वाचायला घरात फोन लागतो. त्याच २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत व्हॉट्सअॅपवर रोज लिंक येत होत्या. घरात एकच साधा फोन, तोही बापाबरोबर कामावर, डोंगरात रेंज नाही. अशा घरात शाळाही बंद होती आणि शिक्षणही. द्रुतगती मार्गापासून फार लांब नसलेल्या इर्शाळवाडीला पायी चढूनच जावे लागते, हे राज्याला कळले ते १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यावर. अशा वाडीला लिंक पाठवून शिक्षण पोहोचत नाही. तिथे गुरुजींनाच पोहोचावे लागते.

मग मोबाईलचा खरा उपयोग कुठे? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने मूल पटावर असते, वर्गात नसते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. पण कार्ड स्वतः चालत भट्टीजवळच्या शाळेत जात नाही. वाडीवरचे गुरुजी आणि भट्टीजवळच्या शाळेतल्या बाई एकमेकांशी जोडलेल्या असतील तर एका फोनवर त्या मुलाचे वर्ष वाचते. ग्रुप असावा तर असा.

तसेच एनएमएमएस परीक्षेचे. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेतल्या, पालकाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या आठवीच्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही माहिती पीडीएफमध्ये फिरते. आईला वाचता येत नसेल तर तिच्याच बोलीत अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज का पाठवू नये?

तरुणांनो, आपल्या गावापासून सुरुवात करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा: पालकांचा ग्रुप आहे का? ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना निरोप कोण देतो? मुलांचे फोटो पालकांना विचारून टाकता का? जातिद्वेषाची पोस्ट दिसली तर शिव्या देऊ नका. तारीख-वेळेसह पुरावा जपा आणि मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध शत्रुत्व, द्वेष पसरवणे हा अॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे, हे विसरू नका. आणि जे गुरुजी, ज्या बाई वाडीसाठी झटतात, त्यांच्यावर कारवाईची वेळ आली तर त्यांच्या मागे उभे राहा.

भट्टीकडे निघालेल्या गाडीत बसलेल्या मुलाचे नाव कुणाच्या मोबाईलमध्ये आहे? ठेकेदाराच्या तर असतेच. शिक्षकाच्या आणि आपल्याही असले पाहिजे.

जय भीम!