जीवशास्त्राची उजळणी

महाराष्ट्रात बारावीच्या जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची, तर प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. ‘नीट’मध्ये मात्र ७२०पैकी ३६० गुण याच विषयाला आहेत. त्यामुळे तीच पाने पुन्हा पुन्हा वाचण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. ती उजळणी अपुरी पडते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात आठवड्यानंतर अधिक आठवले ते स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना, नुसते पुनर्वाचन करणाऱ्यांना नव्हे. उदाहरणार्थ, अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल पॅकिटीन अवस्थेत होते. पुस्तक मिटून तिची आकृती काढली, की नेमके काय निसटले ते कागदावरच दिसते. तीच आकृती काही दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा काढावी. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण विद्यार्थ्यांनी टाळावे आणि पालकांनीही त्याचे कौतुक करू नये.