ग्रंथांची बांधणी आणि आमची ग्रंथालये

आमच्या शहरात वारसा हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे, पाणचक्की, बीबीका मकबरा, जवळची वेरूळची लेणी यांच्याविषयी सभा भरतात, ठराव होतात, आणि ते व्हावेत हे योग्यच आहे. परंतु ज्या वारशाचा नाश सुशिक्षितांच्या डोळ्यांदेखत, किंबहुना त्यांच्याच सहीशिक्क्याने, दरसाल बिनबोभाट होत आहे, त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. हा वारसा म्हणजे जुन्या ग्रंथांची बांधणी होय. वाळवी, कसर आणि दमट हवा ही तिची जुनी वैरी आहेतच. पण आज तिचा सर्वांत मोठा नाश ग्रंथालये करीत आहेत, आणि त्याला दुरुस्ती असे नाव देऊन करीत आहेत. विधान कडक आहे हे आम्ही जाणतो. ते सिद्ध करणे हाच या लेखाचा हेतू.

सैल झालेले जुने पुस्तक ग्रंथालयातून बांधणीस जाते तेव्हा बहुधा त्याचे काय होते ते पाहावे. प्रथम त्याचे मूळ पुठ्ठे व मुखपृष्ठ उचकटून रद्दीत टाकले जाते. मग यंत्राच्या पात्याखाली धरून पुस्तकाची पाठच कापतात. ज्या घडीने दोन पाने एकमेकांस जोडलेली असतात ती घडी अशा रीतीने नाहीशी होते, व हाती उरतात ते सुटे कागद. ते दाबून धरावयाचे, काठापासून बोटभर आत भोके पाडून त्यांतून दोरा ओढावयाचा, वर रेक्झिन चढवावयाचे आणि उरलेल्या तिन्ही बाजू कापून एकसारख्या करावयाच्या. पुस्तक दिसावयास नीटनेटके होते, कपाटात रांगेने उभे राहते, आणि खात्यावर एक आकडा पडतो.

आता या नीटनेटकेपणाची किंमत मोजू. आतला समास शिवणीने खाल्ल्यामुळे पुस्तक सपाट उघडत नाही. वाचक ते दाबून उघडतो. आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेला जुना, ठिसूळ झालेला कागद नेमका शिवणीच्या रेषेवर तुटतो. दुसऱ्यांदा बांधावयाची वेळ येते तेव्हा कापावयास समासच उरलेला नसतो. मुखपृष्ठाबरोबर छापखान्याचे नाव, किंमत आणि प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात गेली. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हीच तर साधने असतात. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आम्ही एक जुना काव्यग्रंथ पाहिला. कोणा व्यासंगी वाचकाने त्याच्या समासात बारीक अक्षरांत टिपणे केली होती. नव्या बांधणीत त्यांतील प्रत्येक ओळीची अखेरची तीन-चार अक्षरे पात्याखाली गेली होती. टिपणे आहेत, पण एकही वाक्य पुरे नाही!

याउलट जुन्या जिल्दगराची रीत पाहा. छापलेल्या तावाची घडी घालून जो सोळा किंवा आठ पानांचा गठ्ठा होतो, त्याला तो जुज म्हणतो, आणि त्याच्या शिवणीला जुजबंदी. जुज हा शब्द मूळचा अरबी. अर्थ भाग किंवा अंश. कुराणाच्या तीस भागांना जे नाव आहे तेच हे. सुई घडीच्या मधोमध आतबाहेर जाते, पाठीवरच्या आडव्या दोऱ्यांना वळसा घालते, आणि एक जुज शेजारच्या जुजाशी टोकाला गाठीने बांधला जातो. पाठीला लावावयाची ती पिठाची खळ. ही खळ पाण्याने भिजते, म्हणून पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिराला ती सोडवता येते, दोरा बदलता येतो, आणि पानाला धक्का न लावता पुस्तक पुन्हा शिवता येते. या बांधणीत उद्याच्या दुरुस्तीची तरतूद आजच केलेली असते. आजचे प्रकाशक ज्या डिंकाच्या बांधणीला ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणतात, तिच्यात घडी कापून टाकून पाने गरम डिंकात रोवलेली असतात. तो डिंक सुकला की पाने गळतात, आणि शिवावयास घडी शिल्लक नसते. अशा वस्तूला परिपूर्ण म्हणणाऱ्याच्या विनोदबुद्धीची आम्ही तारीफ करतो.

ही विद्या आमच्या भूमीला परकी नाही. पोथी म्हणजे सुटी आडवी पाने, वरखाली दोन फळ्या, भोवती फडके. तिला पाठच नाही, म्हणून पाठ मोडण्याचे भय नाही. बाड म्हणजे एका बाजूस शिवलेली हस्तलिखित वही, हाताळण्यास व प्रवासास सोयीची. व्यापाऱ्याची लांबट चोपडी लाल कापडात शिवलेली असते, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अजूनही पूजेत दिसते. फारसी-अरबी ग्रंथांच्या जिल्दीला पाकिटाच्या झाकणासारखी पट्टी असते. ती पानांच्या मोकळ्या कडेवरून वळून ग्रंथाला धुळीपासून राखते. यांतील प्रत्येक रूपामागे कागद, हवामान आणि वापर यांचा विचार आहे. छपाई आल्यावरही धार्मिक ग्रंथ पोथीच्या सुट्या पानांवर छापले जात राहिले, आजही छापले जातात, ते काही उगीच नव्हे.

आणि आमचे शहर तर या साऱ्या रीतींच्या संगमावर वसलेले. दौलताबादेहून खुलदाबादेस जाताना कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा हे कागदी लोक आले, अशी परंपरा सांगतात. दौलताबादी कागदाची ख्याती पुढे मराठ्यांच्या दप्तरखान्यांपर्यंत पोचली होती. गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) या विद्वानाने आपल्या आयुष्याचा मोठा काळ या शहरात घालविला. त्याचा मित्र शाहनवाज खान याने मोगल उमरावांचा ‘मआसिर-उल-उमरा’ हा चरित्रकोश येथेच रचिला. राजकीय धामधुमीत शाहनवाज खानाचे घर लुटले गेले, १७५८ साली तो मारला गेला, आणि ग्रंथाचे कागद परागंदा झाले. आझादाने सुमारे वर्षभराने ते शोधून काढले, जुळविले व प्रस्तावना जोडली. पुढे खानाच्या मुलाने ग्रंथ पुरा केला. मोगल इतिहासाचे एक प्रमुख साधन आज उपलब्ध आहे, ते या शहरातील एका माणसाने विखुरलेले कागद एकत्र आणण्याची चिकाटी दाखविली म्हणून. त्याच शहरात आम्ही बांधलेली पुस्तके कापून त्यांचे सुटे कागद करीत आहो.

कोणी म्हणेल, मजकूर राहिला म्हणजे झाले. दोरा आणि पुठ्ठा यांना इतके महत्त्व कशास? साहित्याच्या अभ्यासकाने तरी असे म्हणू नये. पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांत मागाहून भर पडली होती म्हणून. प्रक्षिप्त भाग ओळखणे हे आमच्या संशोधनाचे अर्धे काम आहे, आणि शिवलेल्या हस्तलिखितात त्याची साक्ष बांधणीच देते. घडीतील एक पान गळाले तर त्याचे जोडपान सुटे होते. मागाहून पान घातले असेल तर ते चिकटविल्याची खूण राहते. पाठ कापली की या साऱ्या खुणा एका क्षणात पुसल्या जातात. मग पान मुळात नव्हते की हरवले, यावर विद्वानांनी खुशाल वर्षानुवर्षे वाद घालावा.

पुठ्ठ्याचीही तीच कथा. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ साली चामडी वेष्टनांतील प्राचीन ग्रंथ सापडले. त्यांतील एका वेष्टनाला ताठपणा येण्यासाठी आतून चिकटविलेल्या रद्दी कागदांत इ. स. ३४१, ३४६ व ३४८ या सालांचे दस्तऐवज निघाले. ती जिल्द ३४८ पूर्वीची असू शकत नाही, हे पंडितांना रद्दीने सांगितले! आमच्याकडेही निरुपयोगी कागद थरावर थर चिकटवून पुठ्ठा करण्याची चाल होती. ते पुठ्ठे कचऱ्यात टाकताना त्यांत काय आहे हे उलगडून पाहण्याची तसदी कोण घेतो?

दुसरा दाखला इटलीचा. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला पूर येऊन फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील असंख्य पुस्तके चिखलात बुडाली. मदतीस गेलेल्या इंग्रज कारागिरांत क्रिस्टोफर क्लार्कसन होता. त्याच्या ध्यानी आले की चर्मपत्राच्या लवचीक वेष्टनातील साधी, स्वस्त पुस्तके या आपत्तीतून विशेष चांगली निभावली आहेत. कारण त्यांत सरस फारसा नव्हता, शिवणीच्या पट्ट्याच वेष्टनातून ओवून घेतल्या होत्या. १९८२ साली त्याने यावर पुस्तिका लिहिली, आणि जुनी रीत नव्या ग्रंथसंवर्धनाचा आदर्श झाली. या बांधण्या ‘जुनाट’ म्हणून आधीच काढून टाकल्या असत्या तर हे ज्ञान कोठून मिळाले असते?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, सर्व ग्रंथांची छायाचित्रे संगणकात साठवीत आहेत, मग चिंता कशाची? २००३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम सुरू केली, २०२५ साली ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा झाली. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. दूरच्या अभ्यासकाला त्याने घरबसल्या ग्रंथ दिला. परंतु छायाचित्र पानाचा चेहरा दाखविते, घडीचा अंतर्भाग दाखवीत नाही. शिवाय लवकर छायाचित्रे निघावीत म्हणून पाठच कापून टाकण्याचा मोह होतो. साधनाने साध्याचाच बळी घ्यावा, असा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे. ग्रंथालयांची अनुदाने तुटपुंजी, आणि बांधणीचे काम सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास द्यावयाचे असा दंडक. परंतु आम्ही प्रत्येक पुस्तकाची जुजबंदी करा असे म्हणतच नाही. क्रमिक पुस्तके खुशाल रेक्झिनमध्ये घालावीत. जुना व दुर्मिळ ग्रंथ मात्र पैसे नसतील तर तसाच ठेवावा. स्वच्छ सुती फडक्यात बांधावा किंवा साध्या पेटीत घालावा. आमच्या दप्तरखान्यांनी शतकानुशतके कागद रुमालांत बांधूनच राखले. रुमालाला निविदा लागत नाही, आणि त्याने केलेले काही बिघडले असे कोणी ऐकिले नाही. काही न करण्याने जेथे ग्रंथ वाचतो तेथे पैसे खर्चून तो मारणे, याला काटकसर म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक विचारी आहे. जुने कारागीरही समास कापीत. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालीत, आणि तांब्याचा तो क्षार कागदाला अपाय करतो. हे सारे आम्हांस मान्य आहे. जुने ते सारे सोने असा आमचा दावा नाही. मोरचूद सोडावा, जुजबंदी ठेवावी. रसायनज्ञाचे ज्ञान आणि कारागिराचा हात यांची गाठ घालावी. पण ती गाठ घालण्यासाठी हात शिल्लक तर पाहिजे! घडीतून शिवण घालणारे वृद्ध कारागीर थोडे राहिले आहेत, आणि त्यांच्याकडे येणारे काम म्हणजे उद्या सकाळी हवे असलेले प्रबंधाचे रेक्झिन व सोनेरी अक्षरे. जुजबंदी मागणारे गिऱ्हाईक येत नाही, म्हणून मुलगा ती शिकत नाही. अशा कारागिराला शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे की, शाल राहू द्या, वीस पुस्तके बांधावयास द्या, आणि वेळेवर पैसे द्या. कला सत्काराने जगत नाही, मागणीने जगते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. १९५० पूर्वीच्या कोणत्याही पुस्तकाची पाठ कापली जाणार नाही, असा नियम प्रत्येक ग्रंथालयाने आपल्यापुरता आजच करावा. त्याला सरकारी हुकमाची गरज नाही. मूळ मुखपृष्ठ व पुठ्ठा टाकू नये, निघालाच तर पुस्तकाबरोबर पाकिटात ठेवावा. दुर्मिळ ग्रंथांची बांधणी दराच्या चढाओढीतून वगळावी, व शिवणीचा प्रकार लिहून काम द्यावे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील मराठी, उर्दू व ग्रंथालयशास्त्र या विभागांनी एकत्र बसून या धंद्याची परिभाषा कारागिरांच्या तोंडून टिपून घ्यावी. एकाच ओट्यावर उजवीकडून उघडणारे उर्दू पुस्तक आणि डावीकडून उघडणारे मराठी पुस्तक शिवणाऱ्यांची ही भाषा आहे. ती एका विभागाच्या आवाक्यातली नाही, आणि ती बोलणारे फार दिवस थांबणार नाहीत.

आमच्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक वाचकाला हात जोडून सांगत असत, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बंधनापासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. तेल आणि पाणी यांपासून आम्ही पुस्तके बऱ्यापैकी राखली आहेत. उरलेल्या दोन गोष्टींचा विचार ग्रंथालयांच्या समित्यांनी आपल्या पुढच्या बैठकीत, बांधणीच्या निविदेवर सही करण्यापूर्वी, करावा एवढेच आमचे मागणे आहे.