एका ट्रकचा किलोमीटरमागचा हिशेब

मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि करापूर्वी ₹30 लाख किंमत असलेल्या दहाचाकी ट्रकमागे तीन लाख रुपये वाचू लागले. त्यामुळे आजवर दुसऱ्याच्या गाडीवर राबणाऱ्या चालकाला स्वतःची गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे. मालक-चालकाला, म्हणजे एकच गाडी घेऊन ती स्वतः चालवणाऱ्याला, ही कपात विशेष मोलाची आहे, कारण वाहतूक कंपनीला गाडी भाड्याने देण्याची सेवा करमुक्त असल्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही व तो कर संपूर्णपणे त्याच्या खर्चात जातो.

परंतु कर्जाचा करार न वाचता सही केली, तर हे तीन लाख व्याजात केव्हाच विरून जातात. ट्रकच्या कर्जाचा दर अनेकदा ‘फ्लॅट’ पद्धतीने सांगितला जातो, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज अखेरपर्यंत मूळ रकमेवरच आकारले जाते. ₹30 लाखांचे कर्ज सात टक्के फ्लॅट दराने चार वर्षांसाठी घेतले, तर व्याज ₹8.40 लाख आणि मासिक हप्ता ₹80,000 होतो; हाच दर घटत्या शिलकीवर मांडला की तो सुमारे 12.7 टक्के भरतो.

हप्त्याला जोडून येणारे खर्च गाडी उभी असली तरी थांबत नाहीत. 20 ते 40 टन एकूण वजनाच्या गाडीसाठी 2022 मध्ये ठरलेला तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता ₹43,950 आहे, राष्ट्रीय परवान्याचे एकत्रित शुल्क वर्षाला ₹16,500 आहे, आणि त्यांत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, रस्ता कर व फिटनेस मिळवून महिन्याला ₹12,000 धरले, तरी मालक-चालक बहुधा विसरतो ती रक्कम बाहेरच राहते: त्याचा स्वतःचा पगार. दुसऱ्याच्या गाडीवर त्याला ₹25,000 मिळत असतील, तर तेवढे मिळाल्याशिवाय नफा सुरू होतच नाही. अशा रीतीने दरमहाचा स्थिर बोजा ₹1,17,000 होतो, जो 9,000 किलोमीटर धाव झाल्यास किलोमीटरमागे ₹13 आणि 5,000 झाल्यास ₹23.40 पडतो. डिझेल ₹90 व अ‍ॅव्हरेज चार धरल्यास इंधनाचे ₹22.50, आणि दोन लाखांचा टायरांचा संच 80,000 किलोमीटर टिकेल असे मानल्यास आणखी ₹2.50, हे या दोन्ही प्रसंगी सारखेच राहतात. टोल, भत्ता आणि ऑइल वेगळे.

म्हणून खरेदीपूर्वीचा खरा प्रश्न कोणती कंपनी वा किती अश्वशक्ती हा नसून परतीचा माल कोण देणार हा आहे, कारण रिकाम्या फेरीत डिझेल थोडे कमी जळत असले तरी हप्ता, टोल आणि दिवस तेवढेच जातात व त्या फेरीचे भाडे भरलेल्या फेरीतूनच काढावे लागते. गोदामाच्या फाटकावर खाली होण्यासाठी थांबलेले दोन दिवसही त्याच हिशेबात मोडतात, आणि त्यांचे हॉल्टिंग कागदावर ठरलेले नसेल तर पोच जमा केल्यानंतरही पदरात काही पडत नाही. ज्याला ठरावीक मार्गावर दोन्ही बाजूंचा माल देणारे व्यापारी किंवा किमान एक भरवशाचा दलाल नाही, त्याने नव्या गाडीऐवजी जुनी, कमी हप्त्याची गाडी घेणे या मासिकाच्या मते अधिक शहाणपणाचे आहे. अर्थात तिच्या इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम हाताशी हवी.

या धंद्यात एका गाडीमागे किती उरावे याचा एक अंदाज 1961 च्या आयकर कायद्यातील 44 एई या कलमाने बांधला. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने तपशीलवार हिशेब न ठेवता अंदाजे उत्पन्नावर कर भरण्याची ती सोय असून, 12 टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाडीसाठी दर टनास महिना ₹1,000 उत्पन्न मानले जाते. 28.5 टनांच्या दहाचाकीचे हे उत्पन्न ₹28,500 होते, घसारा त्यात वजा झालेलाच समजला जातो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी आकडा बदलत नाही. त्यातून चालकाचा ₹25,000 पगार काढला, तर कायद्याच्याच अंदाजाप्रमाणे मालकाच्या वाट्याला महिन्याला ₹3,500 येतात.