शेवटच्या मुक्कामानंतरची वाट

नाशिकहून ६ मार्च २०१८ ला निघालेला लाँग मार्च ११ तारखेला मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर पोचला. १८० किलोमीटर चालून तळपायाला फोड आलेले, कुणाच्या चपला तुटलेल्या. तरी त्या रात्री आपली माणसं झोपली नाहीत. सकाळी दहावीचा पेपर होता. पोरांचा खोळंबा नको म्हणून रातोरात आझाद मैदान गाठलं. आपल्याला अतिक्रमणवाले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१२ तारखेला सरकारनं लेखी दिलं: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. पण कागद आपल्या पायानं गावात येत नाही. २०२३ ला पुन्हा चालावं लागलं, त्यातही वनजमिनीची मागणी होतीच.

म्हणून आम्ही म्हणतो, मुंबईचा मुक्काम हा वाटेचा शेवट नव्हे. बायाबापड्यांनो, ग्रामसभा भरवा. दाव्याला दोन तरी पुरावे जोडा. गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावाच आहे. उपविभागीय समितीनं दावा फेटाळला तर लेखी कारण मागा, साठ दिवसांच्या आत जिल्हा समितीकडं अपील करा. मुंबईला एकटं कुणी गेलं नव्हतं. तहसीलला तरी एकटं का जायचं?