पेन्शनचा पैसा आणि भाडेकरूचे छप्पर

जागांत पैसा गुंतविणाऱ्या कंपन्यांची एक भाषा आता रूढ झाली आहे. "आम्ही नुसता पैसा लावून बसत नाही. इमारतीत स्वतः लक्ष घालतो, दुरुस्ती करतो, भाडेकरूंची काळजी वाहतो." सचोटी, भागीदारी, समाजहित ही मूल्ये माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर असतात. गळक्या क्वार्टरची तक्रार तीन पावसाळे नोंदवूनही दाद न मिळालेल्या आमच्या सभासदाला असा मालक देवच वाटेल! परंतु ही दुरुस्ती कोणाच्या पैशाने होते आणि वसूल कोणाकडून होते, हे कामगाराने विचारलेच पाहिजे.

न्यूयॉर्कमधील स्टायव्हेसंट टाऊन व लगतची पीटर कूपर व्हिलेज ही वसाहत मेटलाइफ विमा कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी उभारली. घरे अकरा हजारांवर. शिक्षक, परिचारिका, अग्निशामक दलाचे लोक तेथे नियंत्रित भाड्याने राहत. 2006 साली टिश्मन स्पायर व ब्लॅकरॉक यांनी ती 540 कोटी डॉलरला घेतली. नियंत्रित भाड्यातून एवढे कर्ज फिटणे शक्यच नव्हते. घरे रिकामी व्हावीत, सुधारणा करून भाडे वाढवावे, हाच हिशेब होता. त्या वेळच्या कायद्याने रिकाम्या घराच्या सुधारणेवरील खर्चाचा चाळिसावा हिस्सा दरमहा भाड्यात चढविता येई, आणि भाडे 2000 डॉलरवर गेले की ते रिकामे घर नियंत्रणातून सुटे. "हे तुमचे मुख्य निवासस्थान नाही" अशा नोटिसा भाडेकरूंच्या हाती पडू लागल्या. जातीने लक्ष घालणे म्हणतात ते हे!

भाडेकरू संघटित होते. ते कोर्टात गेले. करसवलत घेत असतानाच घरे नियंत्रणातून काढणे बेकायदेशीर, असा निकाल राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने 2009 साली दिला. 2010 च्या जानेवारीत कंपनीने कर्जाचे हप्ते थकवून वसाहत सावकारांच्या स्वाधीन केली.

आणि बुडाले कोण? कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीचे 50 कोटी डॉलर, तेथील शिक्षकांच्या निधीचे 10 कोटी, फ्लोरिडाच्या निधीचे 25 कोटी. एका शिक्षकाच्या पेन्शनचा पैसा दुसऱ्या शिक्षकाला घराबाहेर काढण्यासाठी वापरला गेला, आणि शेवटी तोही गेला. 2015 साली ब्लॅकस्टोनने एका कॅनेडियन पेन्शन निधीच्या कंपनीसह ही वसाहत विकत घेतली, तेव्हा 5000 घरे वीस वर्षे परवडणाऱ्या भाड्यात ठेवण्याची अट महापालिकेने घातली. ही अट काही मूल्यांच्या पत्रकातून आलेली नाही.

हे अमेरिकेतले, आपल्याला काय, असे कोणी म्हणू नये. 1 जानेवारी 2004 नंतर केंद्र सरकारच्या सेवेत लागलेल्या रेल्वे व टपाल कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के नव्या पेन्शन योजनेत जातात. निधीचा मोठा भाग सरकारी रोख्यांत असतो हे खरे, पण ठराविक मर्यादेत रीट, म्हणजे जागांच्या भाड्यावर चालणाऱ्या ट्रस्टची युनिटे घेण्यासही नियमांनी मुभा आहे. 2025 पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय आला, तरी अंशदान कापले जातेच.

आमचा गुंतवणुकीला विरोध नाही. पैसा लावायचा तर जागेवर जाऊन काम करणारा मालक केव्हाही बरा. मागणी एवढीच की, आपल्या निधीतील पैसा कोणत्या कंपनीत व कोणत्या जागेत आहे, त्याची यादी दर सहा महिन्यांनी मराठीत व हिंदीत प्रत्येक स्टेशनच्या व टपाल कार्यालयाच्या सूचनाफलकावर लागावी, आणि निधीच्या विश्वस्त मंडळावर कामगारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. शाखांनी पुढील सभेत तसा ठराव करून मध्यवर्ती कचेरीकडे पाठवावा.