पाकिटातला इतिहास



लेण्यांविषयी किंवा शिलालेखांविषयी लिहिले की एक तक्रार हमखास येते. "वाचायला बरे वाटते हो, पण सांचीला, वेरूळला जायला सवड कुणाला, आणि भाड्याचे पैसे कुठले?" तक्रार खरी आहे. हातावर पोट असणाऱ्या घराला सहलीचा खर्च परवडत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही तुम्हाला कुठेच नेणार नाही. भाजीला जाताना जे पाकीट घेता, तेवढेच उघडा. मुलांना जवळ बसवा. आजीचे भिंग असेल तर तेही घ्या.

आधी एक नाणे काढा. त्यावर सिंह आहेत. किती? मुले म्हणतील, तीन. सिंह चार आहेत. चौथा पाठीमागे असल्यामुळे दिसत नाही. भगवान बुद्धांनी जिथे पहिला उपदेश केला, त्या सारनाथला सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तंभाचा हा माथा आहे. २६ जानेवारी १९५० रोजी तो भारताचे राजचिन्ह झाला. राजचिन्हाचे मोठे चित्र मिळाले तर सिंहांच्या पायाखालची पट्टी पाहा: मध्ये चक्र, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला घोडा. मूळ शिल्पात हत्ती आणि सिंहही कोरलेले आहेत. आणि पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की मूळ स्तंभावर या चार सिंहांच्याही वर एक मोठे धम्मचक्र होते. ते भंगले; त्याचे तुकडे सारनाथच्या उत्खननात सापडले. सिंहाची शक्तीसुद्धा चक्राच्या खाली होती, एवढे मुलांना जरूर सांगा.

आता २०० रुपयांची पिवळी नोट उलटी करा. २०१७ साली निघालेल्या या नोटेच्या मागे सांचीचा स्तूप आहे. या स्तूपाची एक हकीगत प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे.

अशोकाचे शिलालेख देशभर उघड्यावर उभे होते. पण शेकडो वर्षे ते वाचता येणारे कोणी उरले नव्हते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणवले आणि पंडितांना विचारले. कुणालाही त्यावरचे अक्षर लागले नाही. अक्षरे होती, दगड होता, ऊन-पाऊस सोसून सारे शाबूत होते. नव्हता तो वाचणारा.

ही कोंडी १८३७ साली फुटली. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत नाण्यांच्या धातूचा कस पाहणारा अधिकारी. त्याच्याकडे सांचीच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे आले. त्याला दिसले की यातले बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. त्याने तर्क केला: जिथे लोक श्रद्धेने काही अर्पण करतात तिथे काय लिहितात? अमक्याचे दान! म्हणजे शेवटचा शब्द "दानं" असला पाहिजे. "द" आणि "न" ही अक्षरे हाती लागली, त्यांच्या आधीचे "अमक्याचे" सांगणारे "स" हाती लागले, आणि बघता बघता सारी ब्राह्मी लिपी उलगडली. मग स्तंभांवरचा "देवानंपिय पियदसि" राजा बोलू लागला. तो म्हणजे सम्राट अशोक, हा दुवा त्याच वर्षी सिंहलद्वीपात जपलेल्या पाली ग्रंथातून मिळाला.

सांचीला दान देणारे हे लोक तरी कोण होते? व्यापारी होते, विणकर होते, लेखनिक होते. दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम आपण केले असे विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी तिथेच लिहून ठेवले आहे. भिक्खुणी आणि गृहिणी यांची नावे तर कितीतरी. म्हणजे चक्रवर्ती राजाच्या आज्ञा दोन हजार वर्षांनी वाचता आल्या, त्या सामान्य माणसांच्या छोट्या दानांमुळे. विहारासाठी पाच-दहा रुपये देताना ज्यांना संकोच वाटतो, त्या माउल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच नोटेवर भाषांची एक उभी पट्टी आहे. मुलांना मोजायला लावा. पंधरा भाषा भरतील. इंग्रजी वर्णानुक्रमाने त्या लावल्या आहेत, त्यामुळे आपली मराठी आठवी येते: वर सात, खाली सात. हिंदी आणि इंग्रजी नोटेवर वेगळ्या छापलेल्या आहेत. सगळ्या मिळून सतरा.

२० रुपयांची २०१९ सालची नोट असेल तर तिच्या मागे आपले वेरूळ आहे. वेरूळला मुख्य लेणी ३४. त्यांतली पहिली १२ बौद्ध आहेत. दहाव्या लेण्याला लोक "सुतार की झोपडी" म्हणतात. आत सुतारही नाही आणि झोपडीही नाही. आहे ते चैत्यगृह, स्तूपापुढे बसलेली बुद्धमूर्ती. मग हे नाव का? छताच्या दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या हुबेहूब कोरल्या आहेत, म्हणून. खूण विसरली जाते आणि टोपणनाव उरते, त्याचा हा नमुना.

असाच प्रकार नाशिकला झाला. गावाबाहेरच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांना लोक "पांडवलेणी" म्हणू लागले. शिलालेखांत डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे, आणि पांडवांनी लेणी खोदल्याचे तिथला एकही लेख सांगत नाही. तिथल्या दहाव्या लेण्यातला एक लेख आमच्या बचत गटातल्या भगिनींनी अवश्य समजून घ्यावा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने लेण्यातल्या भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुणाकडे? सावकाराकडे नव्हे, गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे! श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे २,००० नाणी, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यायची.

आता मुलांना पाटी-पेन्सिल द्या. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि वीस भिक्खूंना बारा-बारा म्हणजे? तेही २४०! दगडावरचा हिशेब एका नाण्यानेही चुकलेला नाही. ज्यांच्या हाती राजघराण्याने पैसा निर्धास्त सोपवला, ते माग चालवणारे कष्टकरी होते. कष्टकऱ्याला हिशेब कळत नाही असे कुणी म्हणाले तर त्याला नाशिकचा रस्ता दाखवावा.

पैशाचा विषय निघाला आणि बाबासाहेबांचे नाव आले नाही, असे कसे होईल? रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनहून निघाला. रुपयाचे मोल घसरले की वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागे रेंगाळते आणि तोटा मजुराच्या पदरी पडतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने रिझर्व्ह बँक निर्माण झाली आणि १ एप्रिल १९३५ रोजी तिचे काम सुरू झाले.

काही उत्साही मंडळी "रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली" असे एका दमात सांगून टाकतात. आमची त्यांना विनंती आहे की ग्रंथ सांगा, साक्ष सांगा, वर्षे सांगा. एवढे सत्य पुरेसे मोठे आहे, त्याला ठिगळ लावण्याची गरज नाही. एक चुकीचे वाक्य विरोधकाच्या हाती सापडले, तर त्याच्या आडून तो दहा खऱ्या गोष्टी नाकारतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो उपदेश आपल्याला आवडणाऱ्या गोष्टींनाही लागू आहे.

आता या आठवड्याचे काम. घरातली जुनी नाणी शोधा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली त्यांचे चित्र असलेले एक रुपयाचे नाणे निघाले होते. १२५ व्या जयंतीचे १० रुपयांचे नाणे २०१५ सालचे. दुकानदार १० रुपयांचे नाणे खोटे म्हणून परत करू लागला, तर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सगळे १४ नमुने वैध असल्याचे जाहीर केले आहे, हे त्याला शांतपणे सांगा. नाण्यावरच्या सालाखाली बारीक खूणही पाहा: चौकट हिऱ्याची असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे.

जे सापडेल ते रविवारी विहारात मुलांनी उभे राहून सांगावे, आणि ते कशावरून, हेही सांगावे. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती नाणे आले, तेही घाम गाळून. त्यावरचे अक्षर वाचण्याची वाट मात्र त्यांच्यासाठी बंद होती. ती आपल्यासाठी उघडली गेली आहे. उघडलेल्या वाटेवर डोळे मिटून चालू नये, एवढेच आमचे सांगणे.

नमो बुद्धाय! जयभीम!